पंचमवाले काका

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी जुन्या सोसायटीत चौकशी करा, एक पंचमवाले काका निघतातच. ठाण्यात निघतात, पार्ल्यात निघतात, नागपुरातही निघतात; तिथले जरा जास्त आग्रही असतात एवढंच. बँकेतून, टेलिफोन खात्यातून नाहीतर एखाद्या कारखान्याच्या परचेसमधून ते निवृत्त झालेले असतात. निवृत्तीचे पैसे आले की लोक गावाकडचं घर दुरुस्त करतात, चारधाम करून येतात. काका कपाट करून घेतात. कप्पे मोजून तेरा इंचांचे, कारण एलपी बारा इंचांची आणि जॅकेटला बोटभर मोकळीक हवी. तबकड्या आडव्या रचायच्या नाहीत, वाकतात, म्हणून उभ्या फळ्या जवळजवळ. सुतार दोनदा विचारतो, "साहेब, यात ठेवणार काय?" काका सांगतात, "पंचम." सुतार मान डोलावतो आणि वरच्या बाजूला समईसाठी जागा सोडतो.

पंचम म्हणजे संगीतकार राहुल देव बर्मन. त्यांचा जन्म २७ जून १९३९चा आणि मृत्यू ४ जानेवारी १९९४चा. घरातल्यांचे वाढदिवस काकांना मोबाइल सांगतो. या दोन तारखांना मोबाइलची गरज पडत नाही. ४ जानेवारीला घरात गोड होत नाही. पंचमशी प्रत्यक्ष भेट आयुष्यात कधी झालेली नसते, तरी उल्लेख कायम एकेरी. 'पंचमनं इथं काय केलंय बघा,' असं ते म्हणतात तेव्हा नव्या माणसाला वाटतं, शेजारच्या फ्लॅटमधल्या कुणीतरी भिंतीला ओल आणलीय.

काकांचा खरा पराक्रम बघायचा तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जावं. घरात इस्त्रीचे शर्ट असताना काका त्या दिवशी कॉलर विरलेला शर्ट काढतात. भाव चढू नये म्हणून. पथारीवर हवी ती तबकडी दिसली तरी तिच्याकडे पाहायचं नाही, हा पहिला नियम. आधी बंद पडलेल्या इस्त्रीचा भाव विचारायचा, मग पितळी तोटीचा, मग सहज हात लागला असं दाखवून रेकॉर्डींच्या गठ्ठ्याकडे वळायचं.

"ही कशी दिली?"

"कोणती, तोटी?"

"तोटी नाही, ही... ही थाळी."

"काका, ती तुमच्यासाठीच ठेवलीय गेल्या रविवारपासून. आठशे."

विक्रेत्याला काकांचा शर्टही पाठ असतो. आठशेचे साडेसातशे होतात आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून वेगळे होतात. मुंबईचे काका शुक्रवारी पहाटे चोरबाजारात हेच करतात, फक्त हिंदीतून. वर्षातून एकदा कोलकात्याला जाणारे काकाही आहेत. त्यांना व्हिक्टोरिया मेमोरियल माहीत नसतं, फ्री स्कूल स्ट्रीटवरची दुकानं माहीत असतात.

यातलं अर्थशास्त्र बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकतं. 'शोले' (१९७५) पॉलिडॉरनं काढला, गाण्यांच्या एलपीमागून नुसत्या संवादांचीही एलपी काढली, ती धो धो खपली. म्हणून काकांच्या लेखी तिची किंमत नाही. ती कुणाच्याही माळ्यावर सापडते. किंमत कशाला? जो सिनेमा आठवड्यात उतरला, ज्याचा नायक पुढे कुठे गेला हे त्याच्या घरच्यांनाही आठवत नाही, त्याच्या दोन गाण्यांच्या ईपीला. छापल्याच थोड्या, त्यातल्या निम्म्या भंगारात गेल्या. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, तबकड्या आणखी कमी निघू लागल्या, आणि नेमका तेव्हाच पंचमचाही पडता काळ सुरू झाला. पडलेले सिनेमे आणि थोड्या तबकड्या असा दुहेरी योग जुळल्यानं हा काळ काकांना सर्वांत प्रिय. निर्माता बुडाला याचं त्या वेळी कुणाला तरी वाईट वाटलं असेलच. चाळीस वर्षांनी त्याचं सोनं करणारा माणूस जुन्या बाजारात उकिडवा बसलेला असतो.

तबकडी हातात आली की तपासणी. अंगठा कडेला, मधलं बोट लेबलवर, रेघांना स्पर्श नाही. मग ती उजेडाकडे तिरकी धरायची. विक्रेत्याच्या भाषेत 'मिंट' म्हणजे दोन तुकडे झालेले नाहीत. काकांच्या भाषेत 'मिंट' जन्माला येतच नाही, फार तर 'व्हीजी प्लस'. एचएमव्हीच्या फिएस्टावर वाजलेली तबकडी काका लांबून ओळखतात, कारण फिएस्टाचं पिकअप जड आणि पहिल्या प्रेमानं तेच गाणं शंभरदा वाजवलेलं; रेघा तिथंच पांढुरक्या झालेल्या असतात. मधलं भोक मोठं असेल तर ती इराण्याच्या ज्यूकबॉक्समधली. जॅकेटवर बॉलपेननं 'चि. सौ. बेबीस, वाढदिवसानिमित्त' असं लिहिलेलं असेल तर काका हळहळतात. बेबीसाठी नव्हे, जॅकेटसाठी. शेवटी भिंग निघतं. लेबलच्या कडेला, जिथे गाणं संपून सुई नुसतीच फिरते, तिथे कोरलेला मॅट्रिक्स नंबर वाचायचा असतो. त्यावरून छपाई पहिली की नंतरची ते कळतं. गाणं दोन्हींत तेच असतं, पण हा मुद्दा काकांसमोर काढू नये.

घरी आणणं हा वेगळा प्रसंग. भाजीच्या पिशवीत तबकडी मधे, दोन्ही बाजूंनी मेथी.

"अहो, यंदा मेथी चौकोनी आलीय का?" काकू स्वयंपाकघरातूनच विचारतात.

मग स्नान. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून त्यावर डब्याचं झाकण दाबून धरायचं. सौम्य साबण, मऊ ब्रश, रेघांच्या दिशेनंच हात फिरवायचा आणि शेवटचा हात बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा. मुंबईची तबकडी असेल तर बुरशी निघते, कोकणातली असेल तर बुरशीखाली कधीकधी तबकडीही निघते. धुतलेली तबकडी काकूंच्या ताटाळ्यात दोन ताटांच्या मधे निथळत ठेवतात. पाहुणे जेवायला असले की यातून गंभीर प्रसंग उद्भवू शकतात.

आता एवढी खटपट केल्यावर माणूस गाणं ऐकेल की नाही? काका ऐकत नाहीत. ऐकली की झिजते. ऐकायचं असेल तेव्हा ते मोबाइलवर ऐकतात, सगळ्यांसारखं.

तबकडी वाजते ती फक्त पाहुण्यांसाठी, आणि तीही पूर्ण नाही. 'यादों की बारात' (१९७३) लावला तर ग्लासावर चमच्याची किणकिण झाली की सुई उचलली. "ऐकलंत? पुन्हा ऐका." पुन्हा किणकिण, पुन्हा सुई वर. पाहुण्यांच्या पत्नीला आशाबाई ऐकायच्या असतात, त्यांच्यापर्यंत गाणं पोहोचतच नाही. मग 'पडोसन' (१९६८): खिडकीच्या गाण्यात कंगवा खरखरीत पृष्ठभागावर घासल्याचा आवाज. मग 'किताब' (१९७७): शाळेतल्या पोरांचं गाणं म्हणून पंचमनं स्टुडिओत चक्क वर्गातली बाकं मागवून त्यांच्यावर ताल धरायला लावला. मग 'शोले'तल्या बाटल्या, तोंडानं फुंकलेल्या. तासाभरात पाहुण्यांनी वीस सिनेमांतली भांडीकुंडी, लाकूडसामान आणि काच ऐकलेली असते, गाणं एकही नाही. कुणी गुणगुणायला लागलं तर काका ओठांवर बोट ठेवतात. "शू! रेसो वाजतोय. अमृतराव काटकर!"

हे असं ऐकणारा माणूस लिहायला बसला की काय होतं ते दिवाळी अंकांच्या संपादकांना विचारावं. काकांचा लेख साधारण चार हजार शब्दांचा असतो आणि एकाच गाण्यावर असतो. पहिली दोन पानं ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये जातात: हॉल किती मोठा, माइक कुठे, काचेपलीकडे कोण. तिसऱ्या पानावर पंचमचे सहायक बासू चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग येतात, मारुतीराव कीर तबल्यावर बसतात, कांचा गजमेर मादल घेतात. मग एका तळटीपेत दुसऱ्या एका संग्राहकाचं नाव न घेता त्याला धुतलेलं असतं. गाणं चांगलं आहे की वाईट, हे चार हजार शब्दांत कुठेच येत नाही. कुणी विचारलंच तर काका म्हणतात, "ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी फक्त माहिती देतो."

माहितीसाठी मात्र काहीही. एक काका साठीनंतर बंगाली शिकले. टागोर वाचायला नव्हे. पंचमच्या कित्येक चाली आधी दुर्गापूजेच्या बंगाली तबकड्यांवर आल्या आणि मागून हिंदीत शिरल्या, हे त्यांना कळलं म्हणून. 'अनामिका'तलं (१९७३) किशोरकुमारचं सुप्रसिद्ध गाणं हे १९६९च्या रूबी राय नावाच्या मुलीवरच्या बंगाली गाण्याचं हिंदी रूप. ते लिहिलं होतं हिंदी सिनेमांच्या पटकथा लिहिणाऱ्या सचिन भौमिकांनी आणि गायलं होतं खुद्द पंचमनं. अशा तबकडीचं लेबल वाचता येत नसेल तर जगायचं कशाला? काकांचं बंगाली त्यामुळे फार एकांगी आहे. 'गीतकार', 'सूर', 'शिल्पी' हे शब्द ते झरझर वाचतात. कोलकात्यात पाणी मागायला त्यांना हिंदी लागते.

इथवर हसून घेतलं तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या काळच्या जॅकेटांवर नावं छापली जात ती संगीतकाराची, गीतकाराची आणि गाणाऱ्यांची. साठ-सत्तर वादक हॉलमध्ये असायचे, त्यांतल्या एकाचंही नाव बाहेर पडायचं नाही. गोव्याहून आलेले ट्रम्पेटवाले, पारशी अकॉर्डियनवाले, लुधियानाचे नि दार्जिलिंगचे, सगळे पाकीट घेऊन घरी. आज 'हरे रामा हरे कृष्णा'तल्या (१९७१) त्या धुराच्या गाण्यात गिटार भूपिंदरची आणि ट्रान्झिकॉर्ड चरणजित सिंगचा, हे आपण सहज म्हणतो. ते कंपनीनं सांगितलेलं नाही. कुणीतरी काका म्हाताऱ्या वादकांच्या घरी पेढे घेऊन गेले, वहीत लिहून आले, पुन्हा जाऊन स्पेलिंग तपासून आले, तेव्हा ते आपल्याला कळलं.

काकांची जातच अशी. हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश तबकड्यांच्या क्रमांकांसकट ज्यांनी सिद्ध केला ते हरमंदिर सिंग 'हमराज' कानपूरचे, स्टेट बँकेतले. पंचमवरच्या ज्या इंग्रजी पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते २०११चं पुस्तक अनिरुद्ध भट्टाचारजी आणि बालाजी विट्टल या दोन नोकरदारांचं. पडद्यामागच्या या वादकांवर ग्रेगरी बूथ यांनी २००८मध्ये जाडजूड ग्रंथ काढला, तेव्हा ते न्यूझीलंडच्या ऑकलंडहून आले होते. त्या पुस्तकाचा विषय निघाला की काका जरा गप्प होतात. एवढ्या लांबून येऊन त्या माणसानं ताडदेव आणि दादर पालथं घातलं, आणि हे स्वतः दादरला सासुरवाडी असून फक्त जेवायला जात राहिले.

चरणजित सिंगांचंच पुढचं ऐका. स्टुडिओतून फुरसत काढून त्यांनी १९८२मध्ये दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून एक एलपी केली. वाद्यं तिन्ही रोलँडची आणि त्या वेळी नवीकोरी: टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. एलपी पडली. २००२मध्ये एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली आणि २०१०मध्ये त्यानं ती पुन्हा काढली. युरोपातल्या पोरांनी कपाळाला हात लावला. शिकागोत अॅसिड हाउस म्हणून जे पाच वर्षांनी आलं, तसंच काहीतरी हा सरदार मुंबईत बसून भैरव आणि ललत घेऊन करून बसला होता! सत्तरी गाठलेल्या चरणजित सिंगांना मग युरोपात कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. २०१५मध्ये ते गेले. आपल्याकडच्या बऱ्याच काकांच्या हाताखालून ती एलपी गेली होती, पण तिच्यावर पंचमचं नाव नव्हतं, म्हणून त्यांनी ती परत गठ्ठ्यात सरकवली. हा विषयसुद्धा त्यांच्यासमोर काढू नये.

त्यानंतर मात्र काका सावध झाले. 'छोटे नवाब' (१९६१), म्हणजे पंचमचा पहिला सिनेमा, त्याच्या ७८ गतीच्या तबकडीसाठी त्यांनी एका वाड्यातला अख्खा गठ्ठा उचलला, आणि त्यात बीटल्स निघाले. ७८वर बीटल्स! विलायतेत या जाड तबकड्या १९६०च्या सुमारास बंद झाल्या. आपल्याकडे गावोगावी चावीचे फोनो होते, वीज नव्हती, म्हणून दमदमच्या कारखान्यात त्या निघतच राहिल्या आणि लिव्हरपूलच्या त्या चौघांची गाणीही त्यांवर छापली गेली. जगभरचे बीटल्सवेडे आज त्यांच्यासाठी जीव टाकतात.

काकांना बीटल्स आवडत नाहीत. पण लंडनच्या एका गिऱ्हाइकानं पाउंडांत आकडा सांगितला तेव्हा त्यांनी विकायला साफ नकार दिला. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या आकड्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग बसत होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी उलट अट कळवली: पंचमनं होजे फ्लोरेसबरोबर केलेली, १९८७ची आणि इकडे फारशी कुणी न ऐकलेली 'पँटेरा' द्या आणि बीटल्स घेऊन जा. लंडनकर तयार झाला. त्यानं फोटो पाठवले. काका भिंग घेऊन रात्रभर बसले आणि सकाळी उत्तर धाडलं की जॅकेटचा डावा कोपरा दुमडलेला दिसतो, तेव्हा वर पाचशे रुपये द्यावे लागतील.