शेवटी जमीनच

मुलगा वैमानिक झाला तेव्हा घरच्यांनी आळीभर पेढे वाटले. पेढ्यांची उधारी फिटली. परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांच्या उड्डाणाचं कर्ज मात्र अजून हवेतच आहे. दरम्यान २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट. विमानं बिचारी विमानतळावर नीट उभी होती, कोसळल्या त्या कंपन्या. शिवाय ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी असतेच. रक्तदाब वर गेला, की वैमानिक खाली.

शेवटी पठ्ठ्याने बँकेची परीक्षा दिली. आता दहाला टेबलावर, पाचला घरी. सासरेबुवा खूश. पूर्वी जावई ‘आकाशात असतो’ म्हटलं, की लोक हळहळत.

त्याच्याकडे शैक्षणिक कर्जाचं टेबल आहे. परवा एक पोरगा वडिलांना घेऊन आला. म्हणाला, ‘सर, पायलट व्हायचंय.’

हा फॉर्मवरून नजर न उचलता म्हणाला, ‘तारण काय?’

‘गावाकडची तीन एकर जमीन,’ वडील म्हणाले.

‘ती तेवढी विकू नका, काका. उतरायला लागते.’