मुंग्या, डास आणि लायगो

श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की नाक खाजतं. एरवी दिवसभर गरीब गाईसारखं राहणारं नाक डोळे मिटताच हक्क मागायला उठतं. मग कंबर, मग मान, मग पायाला मुंग्या. आमच्या हिंगोलीत त्यातल्या निम्म्या खऱ्या असतात. जवळच्या औंढ्याच्या देवळात विसोबा खेचरांचे पाय नामदेवांनी उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी प्रकटली म्हणतात. मी पाय ठेवीन तिथे वारूळ.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवसापासून 'अधिष्ठान' असतं. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. खाज आली तर खाजवायचं नाही, नुसतं बघायचं. तीही अनित्य, जाईलच. जाते हो. पण जाताना धाकट्या बहिणीला बसवून जाते.

त्याच औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 साली केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल! जागा निवडताना जमीन शांत आहे ना हे पाहिलं म्हणे. आमच्या गल्लीत कुणी आलं नसावं.

पण अमेरिकेतल्या लायगोचं वाचलं आणि जिवात जीव आला. चाळीस किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले, तरी रस्त्यावरचा ट्रक, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा, सगळं त्यांना जाणवतं. तिथल्या हॅनफर्डच्या लायगोत तर डोमकावळे पाइपवरचा बर्फ टोचायचे आणि ती टोचणी थेट विश्वाच्या नोंदीत उमटायची. शास्त्रज्ञ काय करतात? जागोजागी मायक्रोफोन आणि भूकंपमापक लावून ठेवतात. कुठली गडबड कुणाची, ते टिपतात. म्हणजे नुसतं बघणंच की! फक्त यांना त्याचा पगार मिळतो.

तेव्हापासून मीही टिपतो. खाज, नाकाची डावी बाजू. डास, उजव्या कानाशी. कुकर, तिसरी शिट्टी. बायको, दारात.

"झोपलात का हो?"

आवाज, मध्यम. टिपला.

"दळण आणायचं होतं. गिरणी बंद व्हायची वेळ झाली."

आवाज, वाढता. टिपला.

"काहून बोलत नाही?"

हे मात्र अनित्य नव्हतं. डबा घेतला आणि गिरणीवर गेलो. रांगेत उभं राहिल्यावर नाक एकदाही खाजलं नाही.