नागभीड परिसरात बंद पडलेली मोटारसायकल आणि तिला मिळणारी मदत

मोटारसायकल भर रस्त्यात बंद पडल्यावर मिळणाऱ्या मदतीला विम्याच्या कागदात ‘रोडसाइड असिस्टन्स’ म्हणतात. नवी गाडी घेताना शोरूममधला मुलगा ‘घेऊनच टाका सर’ म्हणतो, आणि थोडक्या पैशांत हे कलम पॉलिसीला चिकटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात याखेरीज मदतीचा एक जुना प्रकार चालू आहे. त्याला हप्ता नाही, टोल-फ्री नंबर नाही आणि नको म्हटले तरी तो टळत नाही.

कागदी प्रकाराचे मूळ इंग्लंडात सापडते. तिथली ऑटोमोबाइल असोसिएशन 1905 साली निघाली ती वेग मोजायला दबा धरून बसलेल्या पोलिसांची खबर मोटारवाल्यांना देण्यासाठी. बंद गाडीचा कळवळा मागाहून आला. मुंबईत 1919 साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. मूळचे खबर देण्याचे काम आपल्याकडे आजही फुकट होते. पुढे पोलीस उभे असले की समोरून येणारा अनोळखी माणूस दिवा मारून सांगतो आणि निघून जातो.

कागदी सेवेचा नागभीडशी खरा तंटा भूगोलाचा आहे. गाव तसे आडबाजूचे नाही. रेल्वेचे जंक्शन आहे, आणि नागपूरहून उमरेड, भिवापूर करत ब्रह्मपुरी, आरमोरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 353 डी इथूनच जातो. पण नागपूर शंभरेक किलोमीटर आणि चंद्रपूरही शंभरेक किलोमीटर. पॉलिसीत गाडी ‘नजीकच्या अधिकृत सेवा केंद्रापर्यंत’ ठरावीक अंतर फुकट नेण्याची सोय असते. त्यापुढे दर किलोमीटरला पैसे. ही मर्यादा समजा 50 किलोमीटरची असली आणि गाडी जरा भारी कंपनीची, म्हणजे केंद्र मोठ्या शहरातच असलेली असली, तर फुकट सेवा कोणत्याही दिशेने निघाली तरी निम्म्या वाटेत संपते. कलम लिहिणाऱ्याने नकाशा नागभीडवर ठेवूनच लिहिले असावे अशी शंका यावी, इतके हे अंतर नेमके आहे.

फोन लागणे ही पहिली पायरी. जंगलाच्या पट्ट्यात रेंजसाठी गाडी तिथेच ठेवून टेकाडापर्यंत चालावे लागते आणि पलीकडचा आवाज नेमके विचारतो, “सर, आप गाड़ी के पास ही हैं ना?” मग जवळची ठळक खूण विचारली जाते. खूण म्हणून मोहाचे झाड सांगता येते, पण मोहाची झाडे पुढेही आहेत आणि मागेही. पिनकोड 441205 सांगितला तर त्यात गावेच्या गावे बसतात. पलीकडच्या यादीतला ठरावीक प्रश्न म्हणजे, “आपण सुरक्षित जागी उभे आहात का?” इतरत्र याला सवयीने ‘हो’ म्हणतात. इथे मात्र एका बाजूला 2018 साली जाहीर झालेले घोडाझरी अभयारण्य, दुसऱ्या बाजूला ब्रह्मपुरी वनविभागाचे जंगल आणि रस्त्याकडेला वाघाच्या वावराची पाटी असते. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे या भागात वाघाच्या हल्ल्यात दगावली आहेत. म्हणून उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ पलीकडे ‘ग्राहक प्रतिसाद देत नाही’ म्हणून नोंदला जातो.

एवढ्यात दुसरा प्रकार सुरू झालेला असतो. सायकलवरून जाणारा म्हातारा उतरतो, “का झालं जी?” म्हणतो, पाठोपाठ गाव विचारतो, आणि आणखी एका प्रश्नात कुठला तरी सोयरा निघतो. मग दोन दुचाक्या थांबतात. पहिला टाकीचे झाकण उघडून गाडी हलवतो आणि आत कान लावतो. दुसरा प्लग काढून शर्टाला पुसतो. तिसरा ठामपणे सांगतो, “कार्बोरेटरमध्ये कचरा आला.” 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, ही बातमी निदानाच्या आड येत नाही. शेवटी एखादा पोरगा पुढे होतो आणि हँडलवरचा लाल किल-स्विच बोटाने खाली करतो. गाडी चालू होते. चालवताना कधीतरी तो चुकून दाबला गेलेला असतो. फोनवरची तक्रार रद्द केली नाही, तर ही वर्षातल्या ठरावीक सेवांपैकी एक गणली जाण्याची भीती असते.

स्विचने भागले नाही तर गाडी न्यावी लागते. दोरीने बांधून ओढणे म्हणजे टोचन. दोर नसेल तर पाय लावतात. बंद गाडी न्यूट्रलमध्ये, मागचा स्वार स्वतःची गाडी चालवत एक पाय बंद गाडीच्या मागच्या फूटरेस्टवर रेटून धरतो, आणि दोन्ही गाड्या गॅरेजपर्यंत गप्पा मारत जातात. हा प्रकार धोक्याचा आहे. पुढच्याने अचानक ब्रेक मारला की गप्पा दवाखान्यात चालू राहतात. पैसे पुढे केले तर ढकलणारा रागावतो, सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र नाकारत नाही. तो घोटून होईपर्यंत मिस्त्रीने क्लचची केबल बदललेली असते.

मोसमाप्रमाणे मदतीत फरक पडतो. धानाच्या रोवण्यांत सगळे बांधीत असल्याने माणूस मिळत नाही. हिवाळ्यात उलट. झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि पहाटे अख्खे गाव रस्त्याने परतते. त्या वेळी बंद पडलेल्या गाडीला जितके तज्ज्ञ मिळतात तितके कोणत्याही कंपनीच्या पदरी नसतील, शिवाय खलनायकाचे काम कसे झाले हेही कळते.

तरीही कागदी मदत टाकाऊ नाही. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीचा टाकीतला पंप गेला किंवा बॅटरी पूर्ण उतरली, की प्लग पुसणारे हात थांबतात आणि गाडी टेम्पोत चढवण्याला पर्याय उरत नाही. त्यासाठी पॉलिसीतली किलोमीटरची अट घेतानाच वाचावी. फोनवर झाड सांगू नये. रस्त्याचा क्रमांक आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगावा. मदतीचे नंबर असे: राष्ट्रीय महामार्गावर 1033, वन विभागासाठी 1926 आणि जिवाचा प्रश्न असेल तर 112. अंधार पडायच्या बेतात असेल तर गाडी तिथेच ठेवून आल्या वाहनाने गावात जावे. टेम्पो सकाळीही येतो.