बघूराव विमा काढणार आहेत

बघूराव विम्याच्या विरुद्ध नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांच्याइतका काळजीवाहू गृहस्थ ठाणे ते बदलापूर पट्ट्यात सापडायचा नाही. फ्रिज घेताना वाढीव वॉरंटीचा विषय दुकानदाराच्या आधी यांनीच काढला. मोबाइलला जाड काच, काचेवर कव्हर. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांत दहा लाखांचा प्रवास विमा मिळतो, ती चौकट ते कधी सोडत नाहीत. नव्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा तर २०१८ पासून एकदम पाच वर्षांचाच घ्यावा लागतो. तो कागद दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डिकीत ठेवलेला. घरातली प्रत्येक वस्तू अशी झाकलेली. कर्ता पुरुष तेवढा उघड्यावर.

आयुर्विमा काढायचा हे पक्कं आहे. कधी, एवढंच ठरायचं राहिलंय.

नोकरी लागली तेव्हा त्यांचा सवाल बिनतोड होता: ‘माझ्यावर अवलंबून कोण आहे?’ लग्न झालं, तर बायको कमावती. मुलगी झाली, तर दुधापासून डायपरपर्यंत खर्च वाढलेला. पुढे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि वीस वर्षांचं कर्ज गळ्यात आलं. खरं तर कर्ज डोक्यावर असताना माणूस गेला तर ते कोणी फेडायचं, यासाठीच टर्म प्लॅन असतो. पण बघूराव म्हणाले, ‘आधी एक हप्ता तर संपू दे.’ या माणसाचं एकही कारण खोटं नसतं. हीच खरी अडचण.

त्यात साडू. साडू विमा एजंट. साडूकडून घ्यावा तर आपल्या पैशांवर त्याला कमिशन. दुसऱ्याकडून घ्यावा तर तो पुढच्या बारशाला येणार नाही. बघूरावांनी मध्यममार्ग काढला: ‘पहिला हप्ता तू सोडलास तर विचार करतो.’ कमिशनमधून अशी सूट देणं-घेणं १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने बंद केलेलं आहे. साडूने कलम दाखवलं. बेकायदा काम आपल्या हातून होणार नाही याचं बघूरावांना फार समाधान वाटलं.

मार्च महिन्यात करबचतीचे वारे वाहायचे. पण ८० सी ची दीड लाखाची मर्यादा त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाने, मुलीच्या शाळेच्या फीने आणि कर्जाच्या मुद्दलानेच भरलेली. ‘विम्याला जागाच नाही हो.’ मग नवी करप्रणाली आली. तिच्यात ८० सी ची वजावटच नाही. ‘सवलत नाही तर विमा कशाला?’

उशिरा येणाऱ्याने जास्त मोजावं, हे गणित मांडलं तेही उशीर झालेल्या एका माणसाने. अठराव्या शतकात लंडनमधला गणिती जेम्स डॉडसन ‘अ‍ॅमिकेबल सोसायटी’कडे विम्यासाठी गेला. तिथे पंचेचाळिशीवरच्या माणसाला घेत नसत. नकार मिळाल्यावर त्याने मृत्यूचे तक्ते पुढ्यात घेतले आणि कोणत्या वयाला किती हप्ता असावा हे मांडायला बसला. १७५७ मध्ये तो वारला. त्याच्या पद्धतीवर चालणारी ‘इक्विटेबल’ उघडली १७६२ मध्ये. इमारतीतल्या निवृत्त विमा अधिकाऱ्यांनी ही हकिकत जिन्यात उभं राहून, हातवारे करून सांगितली. त्रेचाळिशीतल्या बघूरावांनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाले, ‘म्हणजे पंचेचाळीसपर्यंत वेळ आहे.’

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी एलआयसीच्या पगार बचत योजनेचा कागद पुढे सरकवला, त्यांनी सही केली, आणि तेव्हापासून हप्ता पगारातूनच कापला जातो. योग्य वेळ कोणती, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. तसा बघूरावांच्या जिवावरही दोन लाखांचा विमा आहे, पण तो त्यांच्या नकळत. बँकेतल्या मुलीने कसल्याशा फॉर्मवर सही घेतली होती, ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची निघाली. दरवर्षी मेअखेर पासबुकात ४३६ रुपये वजा दिसतात आणि जूनमध्ये बघूराव ‘हे कसले कापले?’ म्हणून काउंटरवर उभे असतात.

एकदाच ते खरोखर हलले होते. एप्रिल २०२१, दुसरी लाट. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की ओळखीचा फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. एका रात्री दोन वाजता त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एक कोटीच्या टर्म प्लॅनचा अर्ज भरायला घेतला. नाव, पगार, उंची, वजन. वजन लिहिताना चार किलो कमी केलं, मग घाबरून पुन्हा खरं लिहिलं. पुढचा प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत कोविड झाला होता का? झाला होता, मार्चमध्येच. कोविडमधून उठलेल्या माणसाला कंपन्या तेव्हा काही आठवडे, कधी तीन महिनेही थांबायला लावत. थांबायचं म्हटल्यावर बघूरावांची काय हरकत असणार! मुदत संपेपर्यंत लाट ओसरली. गणपतीत मोदक वाढून घेता घेता त्यांनी निष्कर्ष सांगितला: ‘एवढ्यातून वाचलो, म्हणजे बॉडी दणकट आहे.’

पुढे त्यांना सरकारनेच कारण पुरवलं. टर्म प्लॅनच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता आणि तो उठवावा अशी चर्चा २०२४ मध्ये सुरू झाली. ‘आत्ता घेईल तो येडा.’ वर्षभर ते जीएसटी परिषदेच्या बातम्या क्रिकेटच्या स्कोअरसारख्या ऐकत होते. ३ सप्टेंबर २०२५ ला निर्णय झाला. वैयक्तिक आयुर्विमा २२ तारखेपासून करमुक्त. पंचांगात बघावं तर २१ ला सर्वपित्री अमावास्या, २२ ला घटस्थापना. पितृपंधरवडा संपलेला, कर गेलेला, दसरा दहा दिवसांवर. दिल्ली आणि दाते पंचांग यांनी एका माणसासाठी एवढी जुळवाजुळव क्वचितच केली असेल. बघूरावांनी पेपर घडी घालून ठेवला. ‘कंपन्यांचं इनपुट टॅक्स क्रेडिट गेलं ना! ते आता मूळ हप्त्यात घुसवतात की काय, ते बघू.’ शंका अडाणीपणाची नव्हती, म्हणूनच वहिनींनी कपाळावर हात मारला.

दिवाळी झाल्यावर मात्र वहिनींनी त्यांना समोर बसवून अर्ज भरून घेतला. तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ लिहायला निघाले तेव्हा त्यांनी नुसतं बघितलं. खरं ते लिहिलं गेलं, हप्ता वाढला. रक्त घ्यायला मुलगा घरी आला. रिपोर्टमध्ये साखर वर निघाली. बघूरावांनी सगळा दोष अनारशांवर ढकलला, पण एचबीए१सी तपासणी दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. दिवाळीचा फराळ चार दिवसांचा.

विमा कंपनी अर्ज मंजूर करते, वाढीव हप्त्याने मंजूर करते किंवा नाकारते. चौथाही एक प्रकार असतो, पुढे ढकलण्याचा. साखर आटोक्यात आणावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा, असं पत्र आलं. ते वाचून बघूराव असे भडकले की चहा निवून गेला.

‘सहा महिने?’ ते वहिनींवर ओरडले. ‘यांना काही जबाबदारी आहे की नाही? मधल्यामध्ये माझं काही बरंवाईट झालं म्हणजे?’