नमस्कार, चकली मऊ कवळी

मार्केटिंगमधलं मला काही कळत नाही, हे माझ्या आधी आमच्या वहिनींच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं.

वहिनी ठाण्याला दिवाळीचा फराळ करून देतात. घरातच, चार बायका हाताशी घेऊन. चकली, चिवडा, कडबोळी, शंकरपाळे आणि भल्याभल्यांचा घाम काढणारे अनारसे. जाहिरात शून्य. एका घरातला डबा शेजारच्या घरात जातो आणि तिथून फोन येतो. धंदा उत्तम चालला होता, आणि माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या दिराला ते बघवत नव्हतं.

"वहिनी, गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. मधले अकरा महिने त्याच्याशी संबंध ठेवायला नकोत का?"

"मधले अकरा महिने ते फराळ पचवतात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि डोळे कढईत. तुपात सोडलेला अनारसा कधी हसेल याचा भरवसा नसतो, आणि तो हसला की बाईला रडू येतं, त्यामुळे त्या मागे वळल्या नाहीत. मी तो होकार धरला.

ई-मेल मार्केटिंगचा दोन तासांचा एक फुकट ऑनलाइन वर्ग मी नुकताच केला होता. आधी पत्ते गोळा करायचे, तेही गिऱ्हाइकाच्या राजीखुशीने. म्हणून 'ई-मेल द्या, पुढच्या ऑर्डरवर पाव किलो शेव मोफत' अशा चिठ्ठ्या मी वाटल्या. ठाणेकर शेवेसाठी पॅन नंबरसुद्धा द्यायला तयार झाले. आलेले पत्ते वहिनी आपल्या फोनमध्ये ज्याच्या-त्याच्या नंबरखाली टाकत गेल्या. हा तपशील पुढे लागेल.

पहिलं पत्र गणपतीच्या आधी गेलं. विषयाची ओळ प्रश्नार्थक हवी, वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालणारी हवी, असं वर्गात शिकवलं होतं. मी लिहिलं, 'तुम्ही मला विसरलात का?' पाठवणाऱ्याच्या जागी वहिनींचं पाळण्यातलं नाव. कारण 'अमुक गृहउद्योग' म्हटलं की आपुलकी वाटत नाही, हेही वर्गातलंच. बहुतेक पत्रं जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात जाऊन पडली. २०१३ साली गुगलने तो कप्पा सुरू केल्यापासून तिथे कोणी सहसा फिरकत नाही. पण एक पत्र नेमकं मुख्य कप्प्यात पोचलं आणि ते त्या गृहस्थांच्या बायकोने उघडलं. वहिनी चकलीचं पीठ मळता मळता, फोन खांद्याने कानाशी दाबून, अर्धा तास खुलासा करत होत्या. 'मला'च्या जागी 'आम्हाला' लिहिलं असतं तरी निभावलं असतं.

मी त्यांना इतिहास सांगून धीर द्यायला गेलो. १९७८ साली गॅरी थर्क नावाच्या अमेरिकन माणसाने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे संगणक खपवण्यासाठी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा पत्र धाडलं. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावेनात, उरलेले मजकुरात सांडले. माणसं खवळली, कंपनीला तंबी मिळाली. पण थर्कसाहेबांच्या सांगण्यानुसार मालही दणकून खपला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांच्या वहिनींना फोन आले होते का?"

मग मी तांत्रिक बाजूला लागलो. पत्र खरोखर आपल्याच दारातून निघालंय हे पटवणारे दाखले लागतात. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशी त्यांची नावं. जीमेलवर दिवसाला ५००० किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही दाखले सक्तीचे केले, शिवाय एका टिचकीत यादीतून नाव काढायची सोयही. आमची यादी दोनशेच्या आतली. पण सक्ती आपल्यासाठी नाही एवढ्यावरून गप्प बसणाऱ्यांतला मी नव्हे. सबंध दसरा मी त्या दाखल्यांत घालवला. सोनं वाटायला आलेल्यांना मी डीमार्क समजावून सांगितलं. ते लवकर निघाले.

त्यातच एक भयंकर नियम सापडला. तुमचं पत्र हजारात तिघांनी 'स्पॅम' ठरवलं की तुमच्यावर गुगलची वक्रदृष्टी. आमच्या दोनशेत एकानेही ते बटण दाबलं तर आम्ही मर्यादेबाहेर! वरच्या मजल्यावरचे काका कशालाही आक्षेप घेतात, म्हणून मी त्यांच्याकडे समक्ष जाऊन, पत्र आवडलं नाही तरी बटण दाबू नका, अशी विनवणी केली. तोवर त्यांना असं बटण असतं हेच ठाऊक नव्हतं.

मधल्या काळात एक आनंदाची बातमीही होती. पत्र उघडणाऱ्यांचा आकडा एकाएकी वर गेला.

"वहिनी, अर्ध्याहून जास्त लोकांनी पत्र उघडलं!"

"ऑर्डरी किती?"

"त्या वेगळ्या मोजतात."

पुढे कळलं की पत्रात एक न दिसणारं, टिंबाएवढं चित्र दडवलेलं असतं. ते उतरवून घेतलं गेलं की पत्र उघडलं असं धरतात. आणि ॲपलने २०२१ पासून अशी सोय दिली आहे की त्यांची यंत्रणा चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवते, मालक वाचो न वाचो. म्हणजे आमचं पत्र मुख्यतः यंत्रांना आवडलं होतं.

राहता राहिलं पर्सनलायझेशन. 'प्रिय ग्राहक' लिहू नका, नावाने हाक मारा. वहिनींच्या फोनमधले सगळे संपर्क मी फाइलमध्ये उतरवले, 'नमस्कार' पुढे नावाचा रकाना जोडला आणि नमुना पाहिला. यादीत पहिली आई होती. वहिनी सासूला आईच म्हणतात, म्हणजे माझीच आई. 'नमस्कार आई, यंदा आपल्यासाठी खास २० टक्के सूट.' मला गहिवरून आलं. कोजागिरीच्या रात्री, दूध आटत असताना, मी बटण दाबलं.

पहिला फोन आईचा. "म्हणजे ८० टक्के मी द्यायचे का रे?"

दुसऱ्या फोननंतर मी यादी पुढे वाचली. वहिनी आडनावं ठेवत नाहीत. एकाच आडनावाची सात गिऱ्हाइकं असली की आडनावाचा उपयोग काय? त्या खूण ठेवतात. त्यामुळे पत्रं गेली ती अशी: 'नमस्कार चकली मऊ कवळी', 'नमस्कार डबा परत देत नाही तिसरा मजला', 'नमस्कार घासाघीस बँकवाले', 'नमस्कार चारशे बाकी'.

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावरून पाच डबे घासूनपुसून परत आले, त्यांतला एक आमचा नव्हताच. चारशे बाकी स्वतः आले, चारशे मोजून ठेवले आणि पावती मागितली. कवळीवाल्या आजोबांनी उत्तरी कळवलं की दात आता नवे बसवलेत, चकली कडक चालेल, नोंद बदलावी. ज्यांना नुसतं 'नमस्कार सुधाताई' असं गेलं होतं, त्या सुधाताईंना मात्र राग आला. इतकी वर्षं माल घेते, माझं काहीच कसं लक्षात राहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअरने माझं अभिनंदन केलं. इतकी उत्तरं आमच्या आधीच्या कुठल्याच पत्राला आली नव्हती, असाच मजकूर पाठवत राहा, म्हणे.

सगळ्यांत धास्ती होती ती 'सुनेला सांगू नका अनारसे' यांची. या बाई दर वर्षी वहिनींकडून अनारसे नेतात आणि घरी आपल्या हातचे म्हणून वाढतात. त्यांना स्वतःचा ई-मेल नसल्याने शेवेसाठी त्यांनी सुनेचा पत्ता दिला होता.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. वहिनींनी मला खुणेनेच समोर बसवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. सून हळू आवाजात बोलत होती. पत्र तिने वाचलं होतं. माहेरी पाठवायला दोन किलो अनारसे हवे होते, आणि सासूबाईंना कळता कामा नये.

यादीत तिची वेगळी नोंद झाली आहे. दोन्ही डबे एकाच दारात जातात, सासूचा सकाळी अकराला, सुनेचा दुपारी सासू भजनाला गेल्यावर. पोचवायला मीच जातो. वहिनींनी माझ्याकडे आता तेवढंच काम ठेवलं आहे.