तलकाडहून सर्व्हरला कसे जोडावे : नवशिक्यांसाठी शापनिवारण

साहित्य : एक लॅपटॉप, एक मोबाइल हॉटस्पॉट, व्हीपीएनचा पासवर्ड, त्याचा ओटीपी येईल असा दुसरा मोबाइल आणि 'पाच मिनिटांचं काम आहे' या वाक्यावर श्रद्धा. शेवटची वस्तू वरिष्ठ पुरवतात.

स्थळ : तलकाड, म्हैसूरपासून सुमारे 45 किलोमीटर. म्हैसूरच्या इन्फोसिस कॅम्पसमध्ये ट्रेनिंगला आलेली पुण्या-नागपूरची मुलं रविवारी कावेरीत डुंबायला जातात, तेच हे. गंगांची जुनी राजधानी. 30 हून जास्त देवळं इथे वाळूखाली गेली असं म्हणतात. या वाळूत पाय सोडून बसलं की पुण्याहून फोन येतो : "अरे, रिपोर्ट येत नाहीये, जरा डेटाबेस बघ ना." बघण्याची कृती खालीलप्रमाणे.

आधी तलकाडचा शाप नीट समजून घ्यावा. 1610 च्या सुमारास राजा वडियारने श्रीरंगपट्टण घेतलं. विजयनगरच्या सुभेदाराची बायको अलमेलम्मा दागिने घेऊन निघाली, सैनिक मागे लागले, आणि तिने तलकाडसमोरच्या मालंगीला कावेरीत उडी घेतली. जाताना तीन शाप दिले अशी कथा आहे : तलकाडची वाळू होवो, मालंगीला भोवरा पडो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो. रिमोट कनेक्शनच्या बिघाडांची याहून नेटकी विभागणी एकाही मॅन्युअलमध्ये माझ्या पाहण्यात नाही.

पहिला शाप, वाळू. तुम्ही कनेक्ट म्हणता, कर्सर लुकलुकत राहतो, आणि बऱ्याच वेळाने 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. अर्थ असा की तुमचं डेटाचं पाकीट गेलं, पण होकार नाही, नकार नाही, काहीच परत आलं नाही. कुठल्या तरी फायरवॉलने ते मुकाट्याने गिळलं. नवशिके इथे टाइमआउटची मुदत वाढवतात. वाढवू नये. तलकाडची पंचलिंग दर्शनाची जत्रा 2013 नंतर एकदम 2020 मध्ये झाली. तेवढी मुदत दिलीत तरी फायरवॉल बोलणार नाही.

त्याऐवजी व्हीपीएन चालू आहे का ते पाहावं. (बंद असतो. ओटीपी मागवताना तुम्ही चहा सांगायला उठला होतात.) चालू असेल तर सर्व्हरचं नाव तरी ओळखलं जातंय का ते पाहावं, ऑफिसच्या आतली नावं बाहेरच्या डीएनएसला ठाऊक नसतात. मग पिंग करावं, पण त्याच्या शब्दावर जाऊ नये. 1983 च्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं, तेव्हा जग भोळं होतं. आज कित्येक धडधाकट सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून थेट पोर्टच ठोठवावं : मायएसक्यूएलचं 3306, पोस्टग्रेसचं 5432, एसएसएचचं 22.

व्हीपीएनच नाही, नुसती परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी आहे, अशीही ऑफिसं असतात. मग तुमच्या मोबाइलचा पत्ता यादीत घालायला सांगावं लागतं. मोबाइल कंपन्या एक पत्ता पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटून वापरतात आणि तो बदलतही असतो, त्यामुळे सकाळची परवानगी दुपारपर्यंत दुसऱ्याच्याच नावावर गेलेली असते. दोनदा यादी बदलून कंटाळलेला माणूस मग म्हणतो, "सगळ्यांनाच उघडून टाका ना." हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नये. 2017 च्या जानेवारीत असे जगाला उघडे, बिनपासवर्डचे हजारो मोंगोडीबी डेटाबेस चोरांनी रिकामे केले आणि आत बिटकॉइन मागणारी चिठ्ठी तेवढी ठेवली.

टाइमआउटऐवजी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पेढे वाटावेत. नवशिक्यांना तो अपमान वाटतो. वास्तविक तुम्ही यंत्रापर्यंत पोचलात आणि त्याने जातीने 'नाही' म्हटलं. त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये, एवढंच. डेटाबेस बंद पडला असेल, नाहीतर चालू असूनही फक्त स्वतःच्याच यंत्राचं ऐकत असेल. पोस्टग्रेस मुळात तसाच लाजाळू येतो. आणि 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर तुम्ही घरातच पोचलात, पासवर्ड तेवढा नीट टंका. मायएसक्यूएलच्या बाबतीत आणखी एक पाहावं : तो माणसाला नुसता नावाने ओळखत नाही, माणूस कुठून आला तेही बघतो. ऑफिसातून आलेला तुमचा युजर आणि तलकाडहून आलेला तुमचा युजर त्याच्या लेखी दोन वेगळे इसम असू शकतात.

दुसरा शाप, भोवरा. ट्रेसराउट चालवला की पाकीट कुठून कुठे जातं ते ओळीओळीने दिसतं. दोन पत्ते आलटून पालटून येऊ लागले की समजावं, दोन राउटर पाकीट एकमेकांकडे ढकलतायत. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. प्रत्येक पाकिटाला आयुष्य मोजून दिलेलं असतं, दर राउटरला एक कमी होतं, आणि शून्यावर ते मरतं, म्हणून भोवरा अनंतकाळ फिरत नाही. नवशिक्यांच्या वाट्याला मात्र भोवऱ्याची घरगुती जात जास्त येते. होमस्टेचं वायफाय 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते देतं आणि ऑफिसचं नेटवर्कही तेच. मग लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर होमस्टेच्या स्मार्ट टीव्हीत शोधत बसतो. वायफाय सोडून मोबाइलवर यावं.

तिसऱ्या शापाला मी मनोमन हात जोडतो. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक मूल जन्माला घालतो, म्हणजे वेगळी चाइल्ड प्रोसेस, आणि मुळातली मर्यादा 100 ची. कुणाच्या तरी प्रोग्रामने कनेक्शनं उघडून बंदच केली नाहीत की शंभरी भरते आणि दिलगिरीपूर्वक कळवण्यात येतं की गिऱ्हाइकं फार झाली. नवं मूल होणार नाही. यावर वडियार घराण्याने काढलेला तोडगा संगणकालाही चालतो : दत्तक. 1865 मध्ये चामराजेंद्रांना दत्तक घेतलं, 2015 मध्ये यदुवीरांना. पीजीबाउन्सरसारखा पूलर हेच करतो. आधीच जन्मलेली मोजकी मुलं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओटीत आळीपाळीने घालतो.

आता खरं कारण. तलकाडच्या वाळूचा तपास करणाऱ्यांनी अलमेलम्माऐवजी माधवमंत्रीच्या बंधाऱ्याकडे बोट दाखवलंय. विजयनगरच्या काळात, शापाच्या कितीतरी आधी, नदीच्या वरच्या अंगाला शेतीसाठी तो बांधला. खाली पाणी हटलं, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर आणून टाकली. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, आणि त्याने खाली तलकाडला काय होईल ते विचारलं नव्हतं. तेव्हा स्क्रीनवरचा शाप कितीही भयंकर असो, पुण्याला उलट फोन लावून एकच विचारावं : "सर, वरच्या बाजूला काल कुणी काय बदललं?" पहिलं उत्तर 'काहीच नाही' असं येईल. तासाभराने 'एक छोटासा नियम फक्त' असं येईल.

जोडलं गेलात? हात आवरा. प्रॉम्प्टवर यंत्राचं नाव वाचा, मोठ्याने वाचा, शेजारच्या भेळवाल्याला ऐकू गेलं तरी चालेल. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅबच्या एका थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसच पुसायला घेतला; थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबी गेलं होतं, आणि बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही वेळेला धड निघाली नाही. जगापासून काही न लपवता त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, याचं मात्र मला कौतुक आहे.

फायरवॉलला लांबून हात लावायचा असेल तर आधी गजर लावावा : दहा मिनिटांत मी थांबवलं नाही तर जुने नियम आपोआप परत आण, अशी आज्ञा यंत्राला देऊन ठेवायची आणि मगच नियम बदलायचा. गजर न लावता स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत, तर उरतो तो उपाय 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकने केला. एका आज्ञेने त्यांचं अख्खं नेटवर्क जगाच्या नकाशावरून उतरलं, आतली दुरुस्तीची अवजारंही त्याच नेटवर्कवर होती, म्हणून माणसांना जातीने डेटा सेंटरपर्यंत जावं लागलं. सहाएक तास गेले. तुमचा डेटा सेंटर मुंबईत असेल, तर तलकाडहून आधी म्हैसूरची बस पकडावी.