मॅचिंग कूलंट

सुरत रंगावर जगते. पांडेसऱ्याच्या मिलांत कापड रंगतं, रिंगरोडच्या मार्केटात विकलं जातं आणि उधन्याला आमच्या गल्लीत दारोदार बायका त्याच्यावर टिकल्या लावत बसतात. एका गुलाबीत सतरा गुलाबी ओळखणारी ही मंडळी. गाडीत कूलंट टाकायची वेळ आली की तीच नजर टाकीत डोकावते. आत हिरवं दिसलं की दुकानात जाऊन ‘हिरवं द्या’ म्हणायचं आणि मॅचिंग ब्लाउजपीस मिळाल्याच्या समाधानात घरी यायचं.

पंचाईत अशी, की कूलंटच्या रंगाला काही अर्थच नाही. जुन्या पद्धतीचं, सिलिकेट-फॉस्फेटवालं कूलंट बहुधा हिरवं असे आणि दोनेक वर्षांत बदलावं लागे. सेंद्रिय आम्लांवरचं नवं पाचेक वर्षं टिकतं. ते बरेचदा लाल, नारिंगी, गुलाबी. पण ‘बरेचदा’च, कारण कोणी कोणता रंग घालावा असं बंधन नाही. हिरव्यात हिरवं ओतूनही दोन न पटणारे प्रकार एकत्र नांदायला लागतात. गंज रोखणारी रसायनं एकमेकांना निकामी करतात, आणि कधीकधी चिकट साका होऊन तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत मुक्काम ठोकतो.

शेजारचे नाना मूळचे शहाद्याचे, मिलमध्ये डाइंग मास्तर. ते तर हसलेच. “अरे भाऊ, कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यासारखं बिनरंगी! रंग काय, तू सांगशील तो टाकून देऊ.”

कोपऱ्यावरचा मेकॅनिक मात्र रंगाच्या भानगडीतच पडत नाही. “साहेब, पाणी नाखो ने, चालशे!” हा पाणीपक्ष आमच्याकडे भलताच बळकट. तापीकाठी राहून पाण्यासारखी वस्तू कॅनमधून विकत घ्यायची, हे कुणाच्या हिशेबात बसत नाही. पण बोअरिंगच्या पाण्यातले क्षार इंजिनात थर धरतात, आणि साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी केलं की तोच आकडा १०६-१०७ पर्यंत जातो. झाकणाच्या दाबामुळे आणखी वर. ऐन मे महिन्यात एसी लावून, टपावर सामान बांधून नवापूरच्या पुढे कोंडाईबारीचा घाट चढताना हे जास्तीचे अंश नातेवाइकांपेक्षा उपयोगी पडतात. (आणि हो, गाडी तापलेली असताना ते झाकण उघडू नका. हे पाणीपक्षालाही लागू.) हेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही म्हणे. सुरतला १५ अंशांत कानटोप्या निघतात. पण फुकट मिळणारा गुण कोण नाकारतो?

तिसरा पक्ष उदार मनाच्यांचा. पैसे मोजलेत तर पाणी कशाला घालायचं, म्हणून ते कॉन्सन्ट्रेट नुसतंच ओततात. नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे इंजिन उलट जास्त तापतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर घालावं आणि गप्प बसावं.

कोणतं कूलंट घ्यायचं, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत शोरूममधून आलं तसं निपचित पडलेलं असतं. ते वाचण्यापेक्षा चार जणांना विचारणं आपल्याला सोपं वाटतं.

ग्लायकॉल चवीला गोड असतं. डाळीतही गूळ घालणाऱ्या या प्रांतात हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ते जहरी आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

परवा नानांनी आणखी एक माहिती दिली. हजिऱ्याला रिलायन्सच्या कारखान्यात जे ग्लायकॉल बनतं, त्याच जातीचं ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक आम्ल मिळून पॉलिएस्टर होतं. म्हणजे कूलंट आणि सुरतेची साडी सख्ख्या मावसबहिणी. लाइट गेलेली होती. आमच्या हिने पदराने वारा घेत विचारलं, “नाना, मग या साडीत एवढं उकडतं कसं?”